बिडाच्या मापाचा पट

चल्लस आठ या खेळाला पट लागत नाही, ही त्याची खरी श्रीमंती. खडू असला तर खडू, नसला तर कोळसा, तोही नसला तर विटेचा ठिसूळ कोपरा. सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा ओढल्या की पंचवीस घरं तयार. चार बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मध्यावर अशा पाच फुल्या मारायच्या. दोन चिंचोके उभे फोडून त्यांची पांढरी पोटं उघडी करायची आणि फुटक्या बांगडीचे तुकडे, पावट्याचे दाणे, शर्टाची बटणं यांना सोंगट्यांचा हुद्दा द्यायचा. उन्हं कलली की त्यावरून ओलं फडकं फिरायचं आणि रात्री तिथंच पाट मांडून कुणीतरी जेवायला बसायचं. दुपारी ज्या घरात एखादी सोंगटी मेली, त्याच घरावर रात्री आमटीची वाटी. इतकी हलकी मालमत्ता दुसऱ्या कुठल्या खेळाची मी पाहिलेली नाही. बुद्धिबळाला हत्ती-घोडे पोसावे लागतात, कॅरमला भिंतीशी टेकून उभं राहायला जागा आणि वर बोरिक पावडरचा खुराक लागतो. चल्लस आठ मात्र फकिरासारखा रिकाम्या हाताने येतो, गावोगाव वेगळं नाव घेतो आणि निघताना फरशीवर डागसुद्धा ठेवत नाही.

असा हा खेळ लाकडात कोरून घ्यायची वेळ आली त्याला कारणं दोन: आत्याचे गुडघे आणि आत्याची नवी फरशी. मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात शहाबादी होती. तिच्या खरबरीत अंगावर खडू असा बसायचा की रेघ ओढताना होणारा कर्र आवाज माजघरातून परड्यापर्यंत ऐकू जावा आणि शेजारच्या दोघी-तिघींनी हातातलं काम टाकून यावं. आता आत्या राजारामपुरीत भाच्यांच्या फ्लॅटमध्ये असते. तिथली फरशी इतकी गुळगुळीत आहे की खडू तिच्यावर उमटत नाही, नुसता घसरतो. आणि उमटला असता तरी उपयोग नव्हता, कारण दोन्ही गुडघे बदलून आलेल्या माणसाने जमिनीवर मांडी घालायची नाही असा डॉक्टरांचा हुकूम आहे. आत्याने हा हुकूम मानला, पण खेळाने का मानावा, असा तिचा प्रश्न होता. "टेबलावर ठेवता येईल असा लाकडाचा पट करून आण," ती मला म्हणाली. "एक फुटाचा. जड नको. आणि फुल्या सरळ मार म्हणावं, तुझ्या बापासारख्या लंगड्या नकोत."

मी आधी फर्निचरवाल्यांकडे विचारलं. हल्लीचे फर्निचरवाले प्लायवूड कापतात, त्यावर सनमायका डकवतात. लाकडात रेघ कोरायची म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. त्यातल्याच एकाने शिवाजी उद्यमनगरातल्या एका पॅटर्नवाल्या मिस्त्रींचा पत्ता दिला.

उद्यमनगरात शिरलं की कोल्हापूर आपला आवाज बदलतं. रंकाळ्याच्या काठावर आणि तालमींच्या मातीत जे शहर ऐसपैस बोलतं, ते इथं दातओठ खाऊन काम करतं. लेथचा एकसुरी गुरगुराट, ग्राइंडरची मधूनच उठणारी किंकाळी, तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास. या गल्ल्यांतून, शिरोलीतून आणि गोकुळ शिरगावातून पंपाची अंगं, इंजिनांचे आणि मोटारींचे सुटे भाग ओतून बाहेर पडतात. त्या सगळ्या ओतकामाच्या मुळाशी एक लाकडी वस्तू असते हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. आधी सागवानात हुबेहूब पंप घडवायचा. तो वाळूत घट्ट दाबायचा, मग अलगद उचलून घ्यायचा. वाळूत जी पोकळी उरते तिच्यात तेराशे-चौदाशे अंशांना वितळलेलं बीड ओतायचं. बीड निवलं की पंप. पोकळी बीड पांघरून बाहेर जाते आणि लाकूड परत फळीवर जाऊन बसतं, पुढच्या ऑर्डरची वाट बघत.

मिस्त्रींच्या कारखान्यात अशा फळ्या छतापर्यंत गेलेल्या. त्यांवर लाल-काळ्या रंगांची, खडूने नंबर टाकलेली लाकडी अवजड फळं: अर्धे पंप, पाव व्हॉल्व्ह, कशाची तरी झाकणं. मिस्त्री सत्तरी ओलांडलेले, कानावर पेन्सिल, चष्म्याच्या एका काडीला दोरा. मशीन त्यांचा नातू चालवतो. पूर्वी जे मिस्त्री पटाशीने आणि रंध्याने करायचे, ते आता संगणकावर चालणारा राऊटर करतो, आणि मिस्त्री त्याच्याकडे वरातीत दुसऱ्याच्या मुलाला नाचताना बघावं तसं बघतात: कौतुक आहे, पण पायही शिवशिवतात.

"किती नग?" नातवाने विचारलं.

"एकच."

"सँपल हाय व्हय? मंजूर झाल्यावर ऑर्डर केवढ्याची?"

"ऑर्डर नाही. आत्यासाठी आहे."

नातवाने आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी माझ्याकडे. उद्यमनगराच्या व्याकरणात एकवचन फक्त नमुन्याला असतं. एक नग म्हणजे पुढे येणाऱ्या हजारांचा दूत. त्याला स्वतःचं आयुष्य नसतं. "प्रोग्रॅम एकाला बी तेवढाच आणि शंभराला बी तेवढाच," नातू म्हणाला, आणि तरीही खुर्ची ओढून चित्र काढायला बसला. चित्र कसलं, एक चौकोन आणि बारा रेघा. नाव काय द्यायचं म्हणून थबकला आणि 'आत्या' असं टाइप केलं. त्या पडद्यावर व्हॉल्व्ह कव्हर, गिअर हाउसिंग, पंप बॉडी अशा रांगेत सगळ्यात खाली माझी आत्या जाऊन बसली. थोड्या वेळाने फुल्यांची जाडी बदलली तेव्हा ती 'आत्या २' झाली. ऐंशीच्या वर गेलेल्या बाईची सुधारित आवृत्ती इतक्या सहज निघताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

सागवानाचा उरलेला तुकडा मेजावर चिमट्यांनी आवळला गेला. आता मशीनला सांगायचं होतं की लाकूड कुठे सुरू होतं. या मशीनला सगळं येतं, पण आपण कुठे उभे आहोत एवढंच कळत नाही. ते कुणीतरी माणसाने हात धरून दाखवावं लागतं. त्याला 'झिरो घेणं' म्हणतात. डावी-उजवी, पुढे-मागे सोपं असतं, खरी परीक्षा उंचीची. नातवाने कालच्या वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली, लाकडावर ठेवली आणि बिट केसाकेसाने खाली आणत पट्टी मागेपुढे सरकवत राहिला. पट्टी अडखळली तिथं शून्य. एका मंत्र्याच्या भाषणातलं अर्धं वाक्य त्या पट्टीवर होतं. त्या भाषणाचा इतका नेमका उपयोग दुसरीकडे कुठे झाला असेल असं वाटत नाही.

मग ट्रायल. बिट लाकडापासून बोटभर वर ठेवून मशीनने सगळा पट आधी हवेत आखला. आडव्या रेघा, उभ्या रेघा, पाच फुल्या, सगळं गंभीरपणे आणि काहीही न उमटवता. मला हा प्रकार फारच आवडला. न उमटणारा पट आत्याच्या नव्या फरशीवरही निघत होता, पण तो इतक्या आत्मविश्वासाने निघत नव्हता.

या यंत्राचं कूळ शोधायला गेलं तर ते चल्लस आठपासून बरंच लांबून येतं. हेलिकॉप्टरच्या पात्यांचा बाक अचूक कसा साधायचा, या जॉन पार्सन्स नावाच्या अमेरिकन माणसाच्या चिंतेतून त्याची सुरुवात झाली आणि १९५२ मध्ये एमआयटीत, कागदी पट्टीवरची भोकं वाचून धातू कापणारं मशीन लोकांना दाखवलं गेलं. भोकांनी यंत्राला हुकूम देण्याची कल्पना त्याहून जुनी: जॅकार्डने १८०४ च्या सुमारास पुठ्ठ्यांना भोकं पाडून मागाला नक्षी शिकवली होती. त्या मागाच्या गोतावळ्यातली मंडळी तर आमच्या शेजारीच, इचलकरंजीत, १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तेव्हापासून खडखडत आहेत. म्हणजे नक्षीदार कापड, मग विमानविद्या, मग गिअर हाउसिंग, आणि एवढा वळसा घालून गडी अखेर आला तो आत्याच्या फुल्यांपाशी. सोंगट्यांच्या खेळात असंच असतं म्हणा. हाकेच्या अंतरावरच्या घरात जायला आधी सगळा पट फिरून यावं लागतं.

मिनिटाला १८,००० फेरे घेणारं व्ही आकाराचं बिट लाकडात एक मिलिमीटर उतरलं, मागे दोन मिलिमीटर रुंदीची चर सोडत निघालं, आणि भुशाबरोबर सागवानाचा तो किंचित तेलकट, जुन्या कपाटासारखा वास उठला. मशीन आत्यासारखं आखत नाही. आत्या आधी बाहेरची चौकट घालायची, राज्याची सीमा ठरवल्यासारखी, मग आतली घरं. हे सगळ्या आडव्या रेघा एका दमात मारतं, मग सगळ्या उभ्या. वेळ वाचतो म्हणे. फुलीची एक तिरकी रेघ मारून झाली की बिट वर उचलतं, क्षणभर विचार केल्यासारखं थांबतं आणि दुसरी मारतं. मी ओळखीतल्या एकाही माणसाला फुली मारताना विचार करताना पाहिलेलं नाही.

एवढ्यात शेजारच्या फाउंड्रीतले दोघं-तिघं जेवणाच्या सुट्टीत डोकावले. त्यातल्या एकाने पट बघितला आणि आवाज खाली आणून विचारलं, "जुगाराचं हाय काय?" मी दुखावलो. वेरूळच्या रामेश्वर लेण्यात साक्षात शिव-पार्वती फासे खेळत बसलेत, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "देवाचं येगळं. धर्मराजाचं काय झालं?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. पण धर्मराजाच्या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग द्यूतसभेचा नाहीच, तो नंतरचा. फाशांवर राज्य, भाऊ, बायको आणि स्वतः असं सगळं हरलेल्या या माणसाने अज्ञातवासात नोकरी धरली ती कसली? तर विराट राजाच्या दरबारी, कंक हे नाव घेऊन, फासे खेळण्यातला जाणकार म्हणून. अनुभवाच्या रकान्यात त्याने काय सांगितलं असेल याचा विचार मी पुष्कळदा करतो. तिथंही एके दिवशी राजाने रागाच्या भरात त्याच्या तोंडावर फासा फेकून मारला. नाकातून आलेलं रक्त सैरंध्री झालेल्या द्रौपदीने भांड्यात झेललं. आणि कोल्हापूरच्या माणसाने तर या सगळ्याबद्दल द्यूताचे थोडे आभारच मानायला हवेत, कारण आमच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला मूकपट, १९२० सालचा, 'सैरंध्री'च. पट मांडला नसता तर वनवास नाही, वनवास नाही तर अज्ञातवास नाही, आणि मग बाबूराव पेंटरांनी काय काढलं असतं कोण जाणे. हे बाबूरावही मूळचे मिस्त्रीच. आधी नाटकाचे पडदे रंगवले, मग परदेशी कॅमेऱ्याच्या मागे न लागता इथल्या इथं, १९१८ च्या सुमारास, स्वतःचा कॅमेरा घडवला. या गावाची ही जुनी खोड आहे. वस्तू दिसली की ती विकत घ्यायच्या आधी उघडून बघायची, आणि उघडली की आपणही करून बघायची.

पट तयार झाला. मिस्त्रींनी चिमटे सोडले, तळहाताने भुसा झाडला, आणि बोटाचं टोक एका रेघेतून शेवटपर्यंत फिरवलं. मग पट्टी लावली आणि हसले. पट ३०३ मिलिमीटर भरला.

चूक कुणाची नव्हती, सवय होती. वितळलेलं बीड निवताना आटतं, मीटरला साधारण दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. कारखान्यातल्या संगणकाला हे कायमचं शिकवून ठेवलेलं. त्याने आत्यालाही एक टक्का वाढवून घेतलं होतं. मिस्त्रींनी पत्र्याच्या पेटीतून त्यांच्या जुन्या पट्ट्या काढून दाखवल्या. एक बिडाची, एक ॲल्युमिनियमची, एक पोलादाची. तिन्हींवर तेच आकडे, पण शेजारी-शेजारी ठेवल्या तर एकीचा तीनशे दुसरीच्या तीनशेपाशी येत नाही, कारण प्रत्येक धातू निवताना वेगळा आटतो. पोलाद बिडाच्या जवळजवळ दुप्पट. आयुष्यभर ज्याला आपण माप समजतो ते एका पेटीत तीन तऱ्हांनी नांदत होतं आणि तिन्ही खरी होती. अशी एखादी पट्टी माणसांसाठीही मिळती तर बरं झालं असतं. लग्नाच्या बैठकीतल्या बोलण्याला एक, सभेतल्या बोलण्याला एक. सभेची बहुधा पोलादाच्याही दुप्पट लांब करावी लागेल.

"पुन्हा काढू काय?" नातू ओशाळून म्हणाला. तेव्हा मला हिशेब सुचला. आत्याने मागितला होता फूट. फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. नातवाने शाळेच्या पट्टीतल्यासारखा तो तीनशे धरला. म्हणजे जवळजवळ पाच मिलिमीटर आत्याचे बुडालेच होते. न ओतलेल्या बिडाने त्यातले तीन परत केले. दोन चुकांनी एकमेकींना टेकून उभं राहावं आणि त्यातून जवळजवळ खरं माप निघावं, हा योग मला घालवायचा नव्हता. "राहू दे," मी म्हणालो.

"राहू दे म्हंजे आता आटायचं न्हाई ते," मिस्त्री म्हणाले. "बीड एकदा आटतं आन् मोकळं हुतं. लाकडाचं तसं न्हाई. पावसात फुगंल, उन्हात बसंल. त्याचं मरंपतूर चालूच."

नंतर लक्षात आलं की पटाच्या चारही कडा किंचित उतरत्या आहेत. ही करामत मशीनची नव्हती. आम्ही बोलत होतो तेवढ्यात मिस्त्रींनी रंधा घेऊन कडा मारल्या होत्या आणि हाताने आपणहून उतार दिला होता, वाळूतून पॅटर्न सुटून यावा म्हणून देतात तसा. मग त्यांनी लाखेचं पॉलिश काढलं. पॅटर्नला देतात तेच, वाळूचा ओलावा लाकडात शिरू नये म्हणून. कशातच बुडायचं नसलेल्या त्या पटाला ते फडक्याने एकेक हात देत राहिले, आणि मला म्हणाले, "आमचं लाकूड गिऱ्हाईक घरी नेत न्हाई. आकार नेतंय. पन्नास वर्सं लाकूडकाम केलं, पर माझं लाकूड कुणाच्या घरात हाय म्हणाल तर न्हाई." हे ते कुरकुरीच्या सुरात नव्हे, नगांची मोजदाद सांगावी तसं म्हणाले आणि दुसरा हात द्यायला पट उलटा केला. मागची बाजू. जी कुणीच बघणार नव्हतं.

पॉलिश वाळल्यावर पट तपासून घ्यायला हवा, असं कुणीतरी म्हणालं. कारखान्यात प्रत्येक नग तपासल्याशिवाय बाहेर जात नाही, त्यामुळे याला विरोध करणं मला शक्य नव्हतं. चिंचोके नव्हते, चार वॉशर घेतले आणि एका बाजूला खडू फासला. सोंगट्या म्हणून नट, स्क्रू, कोअरच्या वाळूचे गोळे आणि माझी चिल्लर. मिस्त्री, नातू, मी आणि फाउंड्रीतला निपाणीचा एक मोल्डर असे चार बाजूंना बसलो, आणि पहिल्या काही दानांतच कळलं की पट एक असला तरी आम्ही चार वेगळे खेळ खेळतोय. निपाणीकर चौकाबारा खेळत होता. नातवाचं सगळं शिक्षण मोबाइलवरच्या लुडोत झालेलं. सहा पडल्याशिवाय सोंगटी निघते कशी, हे त्याला पटेना, आणि चार वॉशरमध्ये सहा पडणार कसे हे त्याला कुणाला समजावता येईना. सगळे पालथे पडले की आठ, एवढ्यावर एकमत होतं. पण बाहेरच्या सोळा घरांची फेरी पुरी करून माझी सोंगटी आतल्या आठांत वळली तेव्हा मिस्त्रींनी माझा हात धरला.

"मारलं व्हय कुणाला? मारल्याबिगर आत न्हाई जायचं."

"आमच्याकडं जातात की," निपाणीकर म्हणाला.

"तुमच्याकडं जात असतील."

प्रकरण वाढलं. मशीनच्या प्रोग्रॅममध्ये पटाची प्रत्येक रेघ शतांश मिलिमीटरपर्यंत लिहिलेली होती, पण आत जायची परवानगी कुणाला, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. शेवटी मी आत्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिने सगळ्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. निपाणीकराचं दोनदा, कारण मागे ग्राइंडर सुरू झाला.

"मारल्याशिवाय आत जायचं नाही," आत्या म्हणाली. मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. "पण थांब, कुणाचे किती झालेत?"

मी सांगितलं.

"पट माझा ना?"

"तुझाच."

"मग मी आल्याशिवाय कुणीच आत जायचं नाही. सोंगट्या आहेत तिथं ठेवा. रिक्षा करून येते."

फोन बंद झाला. मिस्त्रींनी बंडीची बटणं नीट लावली, कानावरची पेन्सिल काढून पेटीत ठेवली आणि नातवाला म्हणाले, "आरं, हात असलेली खुर्ची बघ कुणाकडं हाय काय. आन् मशीनवरनं ते आत्या नाव काढ आधी. बाई काय म्हणंल."